हात लागला असेल

“आता मागच्या जिन्याचं बघू,” असं विनीत म्हणाला आणि समोरचा नकाशाच गेला. लॅपटॉपचा पडदा आधी काळा झाला, मग निळा, आणि त्या निळ्याच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं एक कडं संथपणे फिरायला लागलं. खाली अक्षरं आली. अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. त्याने एक कळ दाबली, दुसरी दाबली, मग तीन कळा एकदम दाबून धरल्या. कडं आपलं फिरतच होतं, दुपारी जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखं, कुणाची घाई नसलेलं. डिलाईल रोडवरच्या एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाची ती मीटिंग होती. चाळ कमिटीची माणसं तिकडे एका मोठ्या पडद्यासमोर दाटीने बसली होती, ऑफिसातून निलेश सर आणि ट्रेसी बघत होते, आणि परळच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, नकाशे दाखवायचं काम विनीतचं होतं. त्याने मान वळवली. शेजारी आई उभी होती. हातात ओलं फडकं. सकाळी सांडलेल्या चहाचा डाग टेबलाच्या कडेवर राहिला होता, तो ती पुसत होती, आणि तिचा हात लॅपटॉपपासून वीतभरही लांब नव्हता.

नंतर त्याने पुष्कळदा आठवून पाहिलं की तो नेमका काय बोलला. शब्द सगळे आठवत, पण ते आपल्याच तोंडून निघाले यावर विश्वास बसत नसे. “काय केलंस? काय दाबलंस तू? कितीदा सांगितलं, हात लावू नकोस म्हणून! काही कळत नाही ना तुला आता, मग एका जागी बसून राहा ना! कशाला प्रत्येक ठिकाणी कडमडतेस?” आवाज त्याचा नव्हता. तो चिरका, वर चढलेला, कुठल्याशा भांडखोर बाईचा आवाज होता. आई दचकली नाही, उलट बोलली नाही. तिने फडकं डाव्या हातात घेतलं आणि मोकळा झालेला उजवा हात डोळ्यांसमोर धरून नीट पाहिला, पालथा, मग उताणा, जणू त्याच्यावर काही लागलेलं दिसेल. मग हलकेच म्हणाली, “लागला असेल रे हात.”

आणि तेव्हा पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून ट्रेसीचा आवाज आला. “विनीत. अरे, ऐकू येतंय सगळ्यांना.”

लॅपटॉपचा माइक खरखरतो म्हणून आवाजापुरता विनीत फोनवरून मीटिंगमध्ये आला होता. नकाशा गेला होता, पण तो स्वतः तिथेच होता, चांगला मोठ्याने. तिकडे कुणीतरी खाकरलं. एका म्हाताऱ्या माणसाने “काय झालं, कोण आहे ती?” असं विचारलेलं ऐकू आलं आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. विनीतच्या कानामागून काहीतरी गरम वर चढलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळत होतं की काहीतरी बोलायला हवं, लगेच बोलायला हवं. आणि तो बोलला. “सॉरी, सॉरी सर. आईचा हात लागला मशीनला. तिला हल्ली... म्हणजे लक्षात राहत नाही. डॉक्टर म्हणाले सुरुवात आहे.” वर्षभर घराबाहेर कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी भर मीटिंगमध्ये, अनोळखी माणसांसमोर, त्याने टेबलावर ठेवून दिली. आई फुटभर अंतरावर उभी होती.

पलीकडे सगळं एकदम मऊ झालं. निलेश सरांचा आवाज, जो सकाळपासून घड्याळासारखा टकटकत होता, तो खाली आला. “अरे विनीत, आधी सांगायचंस ना. सोड, आज राहू दे. काका, आपण पुढच्या आठवड्यात भेटू, चालेल?” कमिटीचे काका म्हणाले, “चालेल की. आईला बघा हो आधी.” फोन बंद झाला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरला आणि विनीतच्या छातीत, सगळ्या लाजेच्या खाली, काहीतरी सैल झालं. ते काय आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मागच्या जिन्याचा नकाशा पुरा झालाच नव्हता. दोन मजल्यांची मापं त्याने अंदाजाने टाकली होती, आणि कमिटीतला एखादा जुना गिरणीतला फिटर नक्की बोट ठेवून विचारणार होता, साहेब, हा जिना उतरतो कुठे? आता तो प्रश्न पुढच्या आठवड्यावर गेला होता. विनीत सुटला होता.

आई स्वयंपाकघरात गेली. भांडं हलल्याचा आवाज आला नाही. एरवी तिकडे गेली की ती काहीतरी उघडते, झाकते, डबे पुढचे मागे करते. विनीत त्या फिरणाऱ्या कड्यासमोर बसून राहिला. कधी टक्के पुढे जात, कधी एकाच आकड्यावर असं थबकत की वाटे सगळं मेलं. या अपडेटचा त्याला नेहमीच राग होता. कोपऱ्यात ती चिठ्ठी वर यायची, आता करू की नंतर, आणि तो न वाचता नंतर दाबायचा. कामात असलं की हटकून यायची. एकदा करून घेतलं की रोजच्या सवयीच्या जागा बदललेल्या असायच्या, न मागितलेली चित्रं आलेली असायची, आणि आपल्याच टेबलावर आपण पाहुणे. आपण पैसे मोजलेल्या, निदान ऑफिसने मोजलेल्या, वस्तूने आपल्याला न विचारता आपल्या दुपारच्या कामात घुसावं याचा त्याला अपमान वाटायचा, अगदी माणसाने केलेल्या अपमानासारखा. तो ट्रेसीला म्हणालाही होता, हे म्हणजे घरमालकाने आपल्या अंघोळीच्या वेळी रंगारी पाठवण्यासारखं आहे. ती हसली होती. आज मात्र पडद्यावर अक्षरं दिसत असूनही अपडेटला दोष द्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. शेजारी आई होती. आई असताना दुसरं कशाला काही शोधायचं.

आई परळच्याच एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. शाळा सुटली की लहानपणी तो कधीकधी तिथे जाऊन बसायचा. जिन्याखालची ती बसकी खोली, औषधाचा आणि जुन्या कागदांचा वास, समोर दिव्यांचा तो बोर्ड. लाल दिवा लागला की आई त्याखालची की, म्हणजे छोटा खटका, खाली करायची, आणि घरात मालवणीत हेल काढून बोलणारी ती बाई एकदम दुसरीच कुणी व्हायची. स्वच्छ, न चढणारा, न उतरणारा आवाज. “होल्ड करा हं, जोडून देते.” एकदा एक मोठा डॉक्टर दारात येऊन तिच्यावर ओरडला होता, फोन भलत्याच वॉर्डात दिलास म्हणून. चूक तिची नव्हती. वॉर्ड बदलल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. तरी ती म्हणाली, “सॉरी सर, माझ्याकडून झालं,” आणि लगेच फोन जोडून दिला. तो गेल्यावर विनीतने चिडून विचारलं होतं, तू का सॉरी म्हणालीस? तर ती म्हणाली, “चूक कुणाची ते ठरेपर्यंत तिकडे लाइनवर माणूस ताटकळत असतं बाबा.” त्याला ते तेव्हा पटलं नव्हतं. आपली आई भित्री आहे असंच वाटलं होतं. आता टेबलाशी बसून त्याला तो डॉक्टर आठवला. त्याचा चेहरा नाही, दारात धरलेला हात आणि आवाज. चिरका, वर चढलेला.

संध्याकाळी रुपाली बँकेतून आली, चप्पल काढते न काढते तोच आई पुढे झाली. “रुपाली, आज माझ्या हातून विनूचं मोठं काम बिघडलं गो.” रुपालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “झालं ते झालं. जाऊ दे.” हे जाऊ दे उदारपणाचं ऐकू येईल असं त्याने म्हटलं आणि म्हणताना त्याला ते कळलं. पण आई जाऊ देत नव्हती. ती रुपालीला नीट समजावून सांगत होती. “मी पुसत होते. तेवढ्यात लाल दिवा लागला. मला वाटलं कुणीतरी ताटकळलंय, म्हणून मी की खाली केली. कट् असा आवाज आला बघ. आणि सगळं गेलं.” रुपाली म्हणाली, “असू दे हो आई, होतं असं.” विनीत मात्र जागच्या जागी गार झाला. लॅपटॉपवर लाल दिवा नव्हता. कुठे नव्हता. खाली करायचा खटका नव्हता. ज्या बोर्डाची आठवण तो दुपारी काढत बसला होता, तोच बोर्ड आई त्याच्या टेबलावर आणून मांडत होती, आणि त्यात आपली चूक नीट बसवत होती. सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते जिला सांगता येत नव्हतं, तिला हे कट् आवाजासकट आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, सगळे त्याच्याशी हळू बोलत होते. निलेश सरांनी खांद्यावर हात ठेवला. ट्रेसीने स्वतःहून मागच्या जिन्याचा नकाशा आपल्याकडे घेतला. ट्रेसी माझगावची, चर्चच्या मागच्या गल्लीत वाढलेली, मराठी त्याच्याइतकंच सफाईदार. “माझ्या मॉड आंटीला असंच होतं,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी ती मलाच आपली आई समजायची. मीपण ओरडलेय रे तिच्यावर. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडायचं. तू बोलला नाहीस कधी.” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. विनीत म्हणाला, “काय बोलणार.” आणि आपला अर्धवट जिना त्याने तिच्याकडे पाठवून दिला. तिने तो उघडला, थोडा वेळ पाहिला, आणि मापांबद्दल काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्यात दया होती. ती त्याने घेतली.

दुपारी मयूर आला, ऑफिसची मशीन बघणारा. त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि म्हणाला, “सर, हे कुणी दाबून होत नाही.” विनीत खुर्ची ओढून पुढे सरकला. “हे बघा ना. कधीपासून पेंडिंग होतं. तुम्ही नंतर, नंतर करत गेलात. त्याला एक लिमिट असते, लिमिट संपली की ते स्वतःच घेतं. तुमच्या मम्मींनी अख्ख्या कीबोर्डवर हात फिरवला असता तरी त्या वेळी तेच झालं असतं.” तो मोकळेपणाने हसला. “निलेश सरांना सांगू का? उगाच मम्मींचं नाव झालं.” विनीतने आजूबाजूला पाहिलं. ट्रेसी पलीकडे मान खाली घालून त्याचा जिना सुधारत होती. “नको,” तो म्हणाला. “राहू दे. विषय संपलाय आता.” मयूरने खांदे उडवले आणि पुढच्या टेबलाकडे गेला. काल दुपारी जे झालं ते रागाच्या भरात झालं असं म्हणता आलं असतं. हे ‘राहू दे’ मात्र त्याने शांतपणे, पूर्ण शुद्धीत म्हटलं होतं. घरी जाताना परळच्या पुलाखालून तो नेहमीच्या वाटेने न जाता लांबच्या रस्त्याने गेला. हॉस्पिटलांच्या भिंतींना टेकून बाहेरगावचे लोक बसले होते, कुणी पेशंटला भात भरवत होतं. एक मुलगा बापाच्या तोंडाला लागलेलं आपल्या बोटाने पुसत होता. विनीतने नजर वळवली, जणू आपण दुसऱ्याच्या घरात डोकावलो.

मग आई बदलली. पहिले दोन-तीन दिवस त्याच्या लक्षात आलं नाही, की येऊ दिलं नाही. ती टीव्हीसमोर बसलेली असायची, पण टीव्ही बंद. “लाव ना,” म्हटलं तर म्हणायची, “तूच लाव बाबा.” संध्याकाळी अंधार पडला तरी दिवा लावायची नाही. रुपाली येईपर्यंत तशीच काळोखात बसायची. देवापुढच्या समईला हात लावण्याआधी विचारायची, लावू का? तिचे हात आता नेहमी पदरात गुंडाळलेले असत, थंडी वाजल्यासारखे. शुक्रवारी वॉचमनने त्याला फाटकाशी थांबवलं. “साहेब, माँजी नीचे लिफ्ट के पास खडी थी. देर तक. मैं बोला जाओ ना ऊपर, तो बोली, बटन दबानेवाला कोई आने दो.” विनीतने मान डोलावली आणि वर आला. लिफ्टमध्ये त्याच्यासमोर आकड्यांची गोल बटणं चमकत होती. आई देवळातून येताना हातात फुलांची पुडी घेऊन इथे उभी होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती, कुणी आपल्याला घरी पोचवेल का म्हणून. अकरा मजले तो त्या बटणांकडे न बघता चढला.

रविवारी सकाळी आई अंघोळीला गेली असताना त्याने रुपालीला सांगितलं. ती घावनांचं पीठ ढवळत होती. तो सगळं बोलला. मयूर काय म्हणाला, त्यावर आपण काय म्हणालो, तेही. पळीवरून पीठ ओघळत राहिलं. “म्हणजे मंगळवारपासून तुला माहीत आहे,” रुपाली म्हणाली. “आणि तू त्यांना रोज बघतोयस.” त्याने ओट्यावरच्या ताटल्या उगाच सरळ केल्या. “मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग.” तिने तवा तापत ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

आई आली, ओले केस सोडलेली, कपाळावर कुंकवाच्या जागी बारीक टिकली. नेहमीच्या खुर्चीवर बसली. विनीत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं त्याने एका दमात सांगितलं. “आई, त्या दिवशी लॅपटॉप बंद पडला ना, तो तुझ्यामुळे नाही. त्याचं तो आपोआप बंद झाला. मीच ते काम पुढे ढकलत होतो. तू कशालाही हात लावला नव्हतास. मी उगाच ओरडलो तुझ्यावर. चूक माझी होती.”

त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल, असू दे रे. त्याने मनात तिच्या हाताचा स्पर्शसुद्धा आधीच घेऊन ठेवला होता. पण आईचा चेहरा उजळला नाही. तो हळूहळू बारीक झाला. डोळे इकडून तिकडे फिरले, अंधारात भिंत चाचपडणाऱ्या हातासारखे. “नाही कसा?” ती म्हणाली. “मी दाबलं ना. लाल दिवा लागला होता.”

“लाल दिवा नाहीये आई त्याला. हा बघ.” त्याने उठून लॅपटॉप आणला, उघडून तिच्यासमोर धरला. कशाला आणला, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नसतं. आईने पाहिलं. सगळीकडून पाहिलं. खाली वाकून कडेलाही पाहिलं. पदरातले हात बाहेर आले आणि मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले. घाबरली की ती मालवणीवर यायची. “मगे माका आठवता ता काय?” ती म्हणाली. अगदी लहान आवाजात. “माका आवाज आठवता रे. कट् केल्यान. ता झालाच नाय? मगे आजून काय काय झालाच नाय?”

रुपाली उलथनं हातात धरून दारात आली होती. विनीत आईच्या तोंडाकडे बघत होता. एवढी भीती त्याने तिच्या चेहऱ्यावर वडील गेले तेव्हाही पाहिली नव्हती. तिच्या आत जे थोडंफार खात्रीचं उरलं होतं, ज्यावर ती उभी होती, ते त्याने आपलं मन हलकं करायला तिच्या पायाखालून काढलं होतं. खरं बोलूनसुद्धा त्याने घेतलंच होतं तिच्याकडून काहीतरी. त्याने लॅपटॉप मिटला.

“थांब,” तो म्हणाला. “बरोबर आहे तुझं. माझ्याच लक्षात नव्हतं. हे ऑफिसचं दुसरं मशीन आहे. त्याला होता लाल दिवा.”

“होता ना?”

“होता.”

“आणि मीच दाबलं.”

त्याने रुपालीकडे पाहिलं नाही. “हो आई. तूच दाबलंस.”

आईने श्वास सोडला. एवढा मोठा की तिचे खांदे खाली आले. हात सुटे झाले, एक हात आपोआप केसांकडे गेला, ओल्या बटा मागे सारल्या. चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्याबरोबर थोडी ऐट. “मग! एवढी काही माझी बुद्धी गेलेली नाही,” ती म्हणाली, आता स्वच्छ, सरळ मराठीत. मग तिने त्याच्याकडे मान तिरकी करून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी उमगल्याचं हसू आलं. “अच्छा. म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून आपल्या अंगावर घेत होतास होय? खोटारड्या.”

“नाही आई—”

“गप. मी ओळखते तुला.” ती दाराकडे वळली. “रुपाली, ऐकलंस? हा लहानपणापासून असाच. दुसऱ्याची चूक झाली तरी माझी म्हणणार आणि मार खाणार. किती सांगितलं, एवढं चांगलं असू नये माणसाने. पण स्वभाव आहे, काय करणार.”

तव्यावरचं घावन करपल्याचा वास आला. रुपाली जागची हलली नाही. ती विनीतकडे बघत होती, रागाने नाही, नुसतं बघत होती, आणि काहीतरी बोलेल असं क्षणभर वाटलं. मग तिने आईकडे पाहिलं, म्हणाली, “हो आई,” आणि आत गेली. गॅस बारीक केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने दोन ताटल्या आणून ठेवल्या. आईने आपल्या ताटलीतलं जाळीदार, पांढरंशुभ्र घावन उचललं आणि विनीतच्या ताटलीत घातलं. वर चमचाभर चटणी वाढली. “खा,” ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली. त्याने घास तोडला. तोंडात घातला. मान वर करणं त्याला जमेना. कान तापले होते, डोळ्यांसमोरची ताटली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती, आणि तो घास चावत राहिला.

“लाजला बघ,” आई आतल्या रुपालीला ऐकू जाईल अशा आवाजात, कौतुकाने म्हणाली.